उपास आणि उपाशीपोटी

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या एका रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला लागले. बी.एस्सी. झालं होतं, वर्षभराचा टेक्निशियनचा कोर्सही केला होता. आई मात्र पंचवटीतल्या बायकांना ‘मुलगी दवाखान्यात आहे’ एवढंच सांगायची. मी दिवसभर नेमकं काय तपासते हे तिला चारचौघींत सांगवत नसे.

पहिल्याच महिन्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. साखर तपासायला येणाऱ्यांना आम्ही आदल्या दिवशी सांगायचो, ‘उद्या सकाळी उपाशीपोटी या.’ एकदा पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षबागायतदार आले. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून बाकावर शांत बसले होते. सुई टोचण्याआधी मी विचारलं, ‘काही खाल्लं नाही ना?’

‘काय नाय, ताई. स्टँडवर उतरून दोन केळी अन् साबुदान्याची एक प्लेट घेतली, बस. तुम्ही नसतं सांगितलं तरी आज उपासच व्हता. चतुर्थी हाय ना.’

मला हसू आवरेना. त्यांना पुन्हा यायला सांगितलं. ते बिचारे दोन दिवसांनी खरोखरच पाणीसुद्धा न पिता आले. संध्याकाळी घरी मी हा किस्सा रंगवून सांगितला. वडील हसले. आई पोळ्या लाटत होती, ती हसली नाही.

‘बरोबरच आहे त्यांचं,’ ती म्हणाली. ‘उपासाला उपाशी कोण राहतं?’

आमची दोन खोल्यांची जागा भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत होती. वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून, मी एकुलती एक. आईचं वय तेव्हा शेहेचाळीस असेल. सोमवार, संकष्टी, दोन्ही एकादशा, महाशिवरात्र, हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस असे तिचे उपास, आणि श्रावणात सोमवारच्या जोडीला शनिवार. महिन्यातले सात-आठ दिवस तरी उपासाचे. ते ती कष्टानं करत नसे, उलट त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर वेगळीच तरतरी असे. सकाळी आमच्यासाठी पोळी-भाजी करून टाकायची, मग ओटा धुऊन स्वतःचा फराळ मांडायचा. तुपातली साबुदाण्याची खिचडी, उकडलेल्या बटाट्याची भाजी, कधी रताळ्याचा कीस, भगर आणि दाण्याची आमटी, शेवटी दुधात कुस्करलेलं केळं. एरवी सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणारी आई त्या दिवशी आमच्या आधी, गरम गरम खायची. दुपारी राम मंदिरापाशी कीर्तनाला जायची ती पाच वाजेपर्यंत. त्या दिवशी तिला कुणी काम सांगत नसे.

तेव्हा मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. एवढंच दिसत होतं की वर्षभरात ती बारीक झाली होती. बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या. समोरच्या काकू कौतुकानं म्हणायच्या, ‘उपासांनी अंग कसं हलकं ठेवलंय बघा हिनं. नाहीतर आम्ही.’ आई लाजायची. उशाशी पाण्याचा मोठा तांब्या ठेवायला तिनं सुरुवात केली होती. टाचेला काटा लागून झालेली जखम दोन महिने ओली होती. लॅबमध्ये मी दिवसाला पंधरा-वीस माणसांना याच गोष्टी विचारत होते, आणि घरी मला एकही दिसत नव्हती.

कळलं ते गमतीगमतीत. लघवीतली साखर तपासायचं निळं औषध असतं. काचेच्या नळीत ते थोडं घ्यायचं, वर आठ थेंब लघवी टाकायची, दिव्यावर उकळायचं. साखर नसली तर रंग निळाच राहतो. जसजशी साखर जास्त, तसतसा तो हिरवा, पिवळा, नारिंगी होत जातो, आणि फारच असेल तर विटकरी. हे सगळं वडिलांना बघायची उत्सुकता होती. एका रविवारी मी लॅबमधल्या मॅडमना विचारून सामान घरी आणलं. आईनं स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, म्हणून गॅलरीत बसून वडिलांची तपासणी केली. स्वच्छ निळा. वडील परीक्षेत पास झाल्यासारखे हसले. आई दारात उभी राहून बघत होती.

‘माझी करून बघ की,’ ती म्हणाली. ‘माझ्या तर पोटात आज काही नाहीच. एकादशी आहे.’

नळीतला निळा रंग बघता बघता गेला आणि खाली विटेच्या चुऱ्यासारखा गाळ बसला. वडिलांना रंगांचा क्रम मी नुकताच सांगितला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘औषध जुनं असेल,’ आणि पुन्हा केलं. पुन्हा तेच. आई मात्र मला समजावत होती, ‘अगं, आज मी जेवलेलेच नाहीये. साखर येईल कुठून?’

पंचवटीतल्या मालेगाव स्टँडजवळ आमचे नेहमीचे डॉक्टर होते. साठीचे, थोडे चिडके, पण हाताला गुण असलेले. रक्ताचा रिपोर्ट बघून त्यांनी गोळी लिहून दिली आणि आईला म्हणाले, ‘बाई, गोड बंद. भात कमी. आणि हे उपासतापास आजपासून बंद करायचे.’

‘हो,’ आई म्हणाली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती मला म्हणाली, ‘गोड बंद म्हणाले ते बरोबर आहे त्यांचं.’ उपासांबद्दल ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

पथ्य तिनं इतकं कडक पाळलं की वडिलांनाच वाईट वाटायचं. बिनसाखरेचा चहा. अर्धी भाकरी. भाताचा चमचाही नाही. आंब्याच्या दिवसांत घरात आढी घातलेली असताना तिनं एक फोड तोंडात टाकली नाही. पण उपासाच्या दिवशी फराळ मात्र पूर्वीसारखाच. यात तिला लबाडी वाटत नव्हती. पथ्य जेवणाला असतं, फराळ म्हणजे जेवण नव्हे, असं तिच्या डोक्यात पक्कं होतं. साबुदाणा, बटाटा, केळं हे सगळं देवाच्या बाजूचं. ते अंगाला कसं बाधेल?

महिन्यातून एकदा मी तिला डॉक्टरांकडे न्यायची. त्याआधी लॅबमध्ये नेऊन तपासणी मीच करायची, रिपोर्टही मीच लिहायची. रंग दर वेळी नारिंगी नाहीतर विटकरी. डॉक्टर कपाळाला आठ्या घालायचे. एका गोळीच्या दोन झाल्या, श्रावण लागता लागता तीन झाल्या. सकाळी दोन, संध्याकाळी एक.

‘एवढं पथ्य पाळते, तरी हटत नाही,’ वडील म्हणायचे. ‘चिवट दुखणं आहे.’

भाद्रपदात हरतालिका आली. त्या दिवशी आई पाण्याचा थेंबही घेत नसे, लग्न झाल्यापासून कधीच नाही. पण ‘गोळी चुकवायची नाही’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिनं तिच्या परीनं मार्ग काढला. पहाटे, उपास सुरू व्हायच्या आधी, पाण्याच्या शेवटच्या घोटाबरोबर सकाळच्या दोन्ही गोळ्या घेतल्या. मग तोंड मिटलं ते मिटलं.

त्या दिवशी लॅबमध्ये मला अर्धाच दिवस काम होतं. दोनच्या सुमाराला गल्लीत शिरले तर समोरच्या काकूंच्या घरातून बायकांचा आवाज येत होता. पूजा दरवर्षी त्यांच्याकडेच असायची. एक बाई धावत बाहेर आली, मला बघून थबकली आणि म्हणाली, ‘चप्पल बाहेर काढ आणि हात जोडून आत जा. तुझ्या आईच्या अंगात आलंय.’

आई भिंतीला टेकून बसली होती. केस सुटलेले. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळून नाकापर्यंत आलं होतं. हात थरथरत होते, डोळे उघडे होते पण कुणाकडेच बघत नव्हते. तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. दहा-बारा बायका हात जोडून समोर बसल्या होत्या. कुणी हळद-कुंकू वाहत होतं, कुणी पाया पडत होतं. काकूंच्या मुलीचं लग्न तीन वर्षं जमत नव्हतं. त्या गुडघ्यांवर पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, ‘आई, माझ्या पोरीचं यंदा होईल का गं?’

‘गाडी गेली,’ आई म्हणाली. ‘पाणी... गाडी गेली.’

‘म्हणजे आलेलं स्थळ हातचं गेलं,’ मागून कुणीतरी समजावलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

मी आईच्या हाताला हात लावला. बर्फासारखा गार आणि घामानं चिंब. कोर्समध्ये एका तासाला सांगितलेली चार वाक्यं तेव्हा मला धडाधड आठवली. गोळी घेऊन माणूस उपाशी राहिला की घाम सुटतो, कापरं भरतं, तो बरळतो, आणि तसाच ठेवला तर बेशुद्ध होतो.

‘साखर द्या,’ मी ओरडले. ‘काकू, पटकन साखर द्या.’

‘अगं, निर्जळी आहे तिची! आणि अंगात आलेलं असताना...’

‘अंगात काही आलेलं नाही. अंगातली साखर संपलीय.’

कुणी जागचं हललं नाही. पूजेपुढे नैवेद्याची दूधसाखरेची वाटी होती. मी ती उचलली. एक बाई किंचाळलीच. मी आईचं डोकं मांडीवर घेतलं, तळाची ओली साखर बोटानं तिच्या गालाच्या आत चोळली, मग चमच्याचमच्यानं दूध सोडत राहिले. ती गिळत होती, एवढंच मी बघत होते. मला वाटतं दहा मिनिटं गेली असतील. मग तिची नजर माझ्या तोंडावर स्थिर झाली.

‘तू केव्हा आलीस?’ ती म्हणाली. मग तिनं जिभेनं ओठ चाचपले, आणि तिला कळलं. ‘काय घातलंस माझ्या तोंडात?’

मी सांगितलं. ती माझ्या मांडीवरून उठली, केस बांधले, पदर सारखा केला आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. पाया पडलेल्या बायका एकेक करून उठून गेल्या.

वडिलांनी रिक्षातून डॉक्टरांना आणलं. त्यांनी नाडी बघितली आणि सांगितलं, ‘धोका टळला असं समजू नका. या गोळीचा अंमल दिवसभर राहतो. उद्या सकाळपर्यंत दर दोन तासांनी हिनं खायलाच हवं, नाहीतर पुन्हा तेच होईल.’ हरतालिकेच्या दिवशी आईनं भाकरी खाल्ली. वडील समोर बसून घास मोजावेत तसे बघत होते. ती एकेक घास औषधासारखा गिळत होती.

संध्याकाळी मी तिची लघवी तपासली. स्वच्छ, सुंदर निळा. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो रंग आला होता. निळा म्हणजे सगळं ठीक, असं मी तोवर समजत होते आणि लोकांनाही तसंच सांगत होते. साखर बेताची असली तरी तो रंग निळाच राहतो, आणि जीव जाण्याइतकी कमी झाली तरी निळाच. नळी हातात धरून मी गॅलरीत बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. आईचा कागद पुढे ठेवून म्हणाले, ‘मला एक कळत नाही. इतकी साखर असलेली बाई एका दिवसाच्या उपाशी पोटानं एवढी खाली कशी आली? तुझे रिपोर्ट बरोबर आहेत ना?’

मी तारखा बघितल्या. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्या तारखा मी त्यावर एकेक करून शोधल्या. सगळे सोमवार होते. सोमवारी आईचा स्वयंपाक लवकर आटोपायचा, दुपार मोकळी असायची, म्हणून मी तिला सोमवारीच न्यायची. दुपारी खिचडी, बटाटा, केळं खाऊन ती तीन-चार तासांनी माझ्या लॅबमध्ये यायची. मी रंग बघायची, लिहायची आणि डॉक्टर गोळी वाढवायचे. अर्ध्या भाकरीवर काढलेल्या बाकीच्या दिवसांचा रंग कुणी बघितलाच नव्हता.

मी डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते माझ्यावर ओरडतील. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले.

‘तिनं मला हो म्हटलं होतं,’ ते म्हणाले.

‘ती तुम्हाला नाही कशी म्हणेल?’ मी म्हणाले.

त्यांनी गोळ्या एकदम कमी करून दिल्या. पण घरी वेगळंच घडलं होतं. आईनं गोळ्या घेणंच बंद केलं होतं. पंधरा दिवसांनी मला पुडी तशीच्या तशी मसाल्याच्या डब्यामागे सापडली. तोवर तिला पुन्हा तहान लागायला लागली होती.

‘उपासानं मला कधी काही झालं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘तीस वर्षं करतेय. झालं ते गोळीनं झालं. मग गोळी सोडायची की उपास?’

मी चिडले. ‘तू मरशील,’ असं काहीतरी बोलून गेले. शिकलेल्या माणसाचा माज होता त्यात. देवाला तुझ्या साबुदाण्याचं काय करायचंय, असंही म्हणाले. ती भाजी निवडत बसली होती. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, ‘देवाचं मला माहीत नाही. माझं सांगते. मी या घरात आले तेव्हा सतरा वर्षांची होते. घरात नऊ माणसं. सकाळी उठल्यापासून जो तो मला हाक मारायचा. सासूबाईंनी सोमवार धरायला सांगितला, तेव्हा कळलं की त्या दिवशी कुणी हाक मारत नाही. मारली तर दुसरं कुणीतरी म्हणतं, तिचा उपास आहे. त्या दिवशी मी माझ्यासाठी काहीतरी शिजवते आणि बसून खाते. तुला ते खुळेपण वाटतं. वाटू दे.’

वडील पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारात त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्या रात्रीची भांडी त्यांनी घासली. आईला ते आवडलं नाही, कारण खरकटं राहिलं होतं.

मी हे सगळं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या खेपेला त्यांनी आईला समोर बसवलं आणि म्हणाले, ‘बाई, उपास सोडा असं मी म्हणत नाही. तुम्ही काय खाता, केव्हा खाता, ते मला सांगा. खरं सांगा, मी रागावणार नाही.’

आईनं सांगितलं. एवढं सविस्तर की बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले. तूप किती, दाण्याचं कूट किती, केळं कोणतं. डॉक्टर ऐकत होते. त्यांनी आयुष्यात कधी उपास केला नव्हता, आणि भगर म्हणजे तांदळाचीच कणी अशी त्यांची समजूत होती. ऐकून झाल्यावर म्हणाले, ‘उपासाच्या दिवशी गोळी अर्धी, तीही ताटावर बसल्यावर. फराळ काय घ्यायचा ते तुम्ही आणि तुमची लेक ठरवा, तिच्याकडे नळ्या आहेत. निर्जळी मात्र नाही. तेवढं मी हात जोडून सांगतो.’

त्यानंतरचे दोन-तीन महिने आमच्या गॅलरीत जे चाललं होतं ते आजही मला आठवतं. सोमवारी दुपारी ती फराळ करायची, संध्याकाळी मी लॅबमधून आले की आम्ही तपासायचो. नळी आता ती स्वतः धरायला लागली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या खाड्यांशेजारी ती एक अक्षर लिहायची. नि, हि, पि, ना नाहीतर वि. पहिल्या सोमवारी नेहमीची खिचडी होती. वि. पुढच्या वेळी खिचडी अर्धी वाटी, सोबत काकडीची कोशिंबीर आणि दही. ना. मग खिचडी गेली. भगरीची एक मूद, दाण्याची आमटी भरपूर, तांबड्या भोपळ्याची भाजी, ताक. पि. भगर आणखी कमी केली आणि राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी वाढवली, तेव्हा हि. तो हिरवा बघून ती माझ्याकडे वळली आणि लहान मुलीसारखी हसली. ‘कारल्याच्या सालीसारखा आहे,’ ती म्हणाली.

सगळं असं सरळ मात्र नव्हतं. एका सोमवारी सगळं मोजून खाऊनही विटकरी आला. चौकशी केली तर कीर्तनात प्रसादाचे दोन पेढे. ‘प्रसादाला नाही म्हणायचं का?’ अर्धा पेढा, असं ठरलं. एकदा तिला उत्साह आला आणि तिनं नुसत्या ताकावर दिवस काढला. रंग निळा आला, पण तिची बोटं कापत होती. तेव्हा मी तिला निळ्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘म्हणजे रंगावरही भरवसा नाही. अंगाकडेच बघायचं.’ आजवर मी याहून चांगलं कुणाकडून ऐकलेलं नाही.

वडिलांना वाटत होतं एखाद्या गुरुजींना विचारून घ्यावं. पंचवटीत गुरुजींना काय तोटा. एकांनी सांगितलंही की आजारी माणसाला उपासाचं बंधन नाही, शास्त्रात तसंच आहे. आईला ते फारसं पटलं नाही. ‘मी त्यांना विचारून उपास धरला नव्हता,’ ती म्हणाली. ‘त्यांना विचारून सोडायचा कशाला?’

पुढच्या वर्षी हरतालिका आली. मला वाटलं ती पूजेला जाणार नाही. गेली. फुलं, पत्री, वाळू सगळं घेऊन गेली आणि सोबत ताकाचा तांब्या. मी रजा घेऊन तिच्याबरोबर होते. पूजा झाली. दुपारी तिनं सगळ्यांसमोर भांड्यात ताक ओतलं आणि प्यायली. कुणी तिच्याकडे बघेना.

‘मागच्या वर्षी माझ्या अंगात आलं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘मी मरत होते. तुम्हाला कुणाला कळलं नाही, मलाही कळलं नाही.’ मग काकूंकडे वळून म्हणाली, ‘तुमच्या पोरीच्या स्थळाबद्दल मी काय बोलले ते मला ठाऊक नाही. ते मनातून काढून टाका.’

काकू निरांजनातली वात सारत राहिल्या. पण आठवड्याभरानं, गौरी येऊन गेल्यावर, त्या पदराआड एक बाटली घेऊन आमच्याकडे आल्या. ‘जरा बघतेस का गं?’ मला म्हणाल्या. ‘मलापण आताशा पाणी फार लागतं.’ त्यांचीही नारिंगी निघाली. आईनं त्यांना समोर बसवून भोपळ्याची भाजी शिकवली.

डॉक्टरांच्यात एक बदल झाला. नवीन पेशंटच्या कागदावर वय, वजन लिहिलं की ते विचारायचे, ‘वार कोणते करता?’ जुन्या नाशकातले एक मुसलमान शिंपी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं यायचे. त्यांच्या तपासण्या आमच्याच लॅबमध्ये होत, त्यामुळे माझी ओळख होती. रमजानच्या आधी डॉक्टरांनी त्यांना विचारलं, ‘रोजे धरता?’ ते म्हणाले, ‘धरतो. तुम्ही आजवर विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गोळी पहाटे सहरीला घेतो आणि दुपारी मशीनवर डोकं टेकून बसतो. वाटायचं, उमर झाली.’ डॉक्टरांनी त्यांची मोठी गोळी संध्याकाळी, रोजा सोडायच्या इफ्तारीला नेली. हे मला त्या शिंप्यांनीच नंतर लॅबच्या बाकावर बसून सांगितलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘दिवसभर पाण्यावाचून, तेही महिनाभर. आणि गोळी घेऊन. कसे जगले म्हणायचं!’

हे सगळं झालं म्हणून आई बरी झाली असं नाही. या दुखण्यात बरं होणं नसतं. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला तिच्या उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायला लागले. मुंबईला नेलं. डाव्या डोळ्याची दृष्टी वाचली, उजव्याची बरीच गेली. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं की साखर किती वर्षं वाढलेली असेल. आम्हाला सांगता आलं नाही. आम्हाला कळण्याआधीची किती, आणि ते आठ महिने किती नडले, हे कुणाला सांगता येणार? उपासांनी तिचं नुकसान केलं का, असं मला अजूनही लोक विचारतात. मी काय सांगू? खिचडी-केळ्यानं केलं. निर्जळी आणि गोळी एकत्र आली तेव्हा तर जिवावर बेतलं. पण नंतरच्या त्या भोपळा-ताकाच्या सोमवारांनी तिचं वजन आणि साखर दोन्ही ताब्यात ठेवली असंही मी नळीत बघितलंय. आणि तिच्या उपासाबद्दल आमच्यापैकी कुणीच तिला विचारलं नव्हतं, त्यानं किती नुकसान केलं, ते मोजायची नळी माझ्याकडे नव्हती.

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला त्या वर्षी ते एकदा घरी आले होते. श्रावणातला सोमवार होता. आईनं त्यांना पाट मांडला आणि स्वतःच्या ताटात असायचं तेच सगळं वाढलं. भगरीची छोटी मूद, आमटी, भाजी, काकडी, ताक. त्यांनी जन्मात पहिल्यांदा उपासाचं खाल्लं. आमटी दोनदा मागून घेतली.

‘बाई, हे मला पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं,’ ते म्हणाले.

‘विचारलं असतं तरी मी खरं सांगितलं नसतं,’ आई म्हणाली. ‘आपली ओळख कुठे होती तेव्हा?’

माझं लग्न होऊन मी नाशिकरोडला राहायला गेले होते. श्रावणात सोमवारी लॅबमधून परस्पर आईकडे जायची. तोवर काकूंच्या मुलीचं लग्न झालं होतं आणि काकू त्या चिंतेतून मोकळ्या झाल्या होत्या. मी गल्लीत शिरायची तेव्हा दोघी कीर्तनाला निघालेल्या असायच्या. आईच्या एका हातात काठी, दुसरा हात काकूंच्या खांद्यावर. मला बघून आई म्हणायची, ‘भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घे. आम्ही पाचला येतो.’ आणि माझ्या उत्तरासाठी न थांबता दोघी हळूहळू कोपऱ्यावरून वळायच्या.